रोजचा केर्ली रस्ता की नवा फाटा? तुम्ही कसं जमवता?

उद्यमनगरी · ३० डिसेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं रामायण सांगितल्याशिवाय तो विचारता येईना.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि एक सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिन, जिचे हप्ते अजून संपायचेत. साडेआठला शटर वर गेलंच पाहिजे. म्हणजे सायकलीला पावणेसहा ते आठ एवढाच वेळ. सोमवारी सुट्टी. त्या दिवशी अकरापर्यंत मला मोकळीक, असा घरात तोंडी करार आहे.

लॉकडाऊनमध्ये पोट सुटलं म्हणून २०२० च्या दिवाळीत सायकल घेतली आणि पहिल्या दिवशी जो रस्ता धरला तोच आजवर. मंगळवार पेठेतनं गंगावेश, शिवाजी पूल, वडणगे फाटा, सोनतळी, रजपूतवाडी, केर्ली, एक चहा, माघारी. सोमवारी तोच रस्ता पुढं वाघबीळ चढून पन्हाळ्यापर्यंत. पाच वर्षं झाली.

कंटाळा येत नाही का, असं लोक विचारतात. खरं सांगू, चार वर्षं आला नाही. थंडीत पुलावर आलं की खाली नदी दिसतच नाही, नुसतं धुकं, आणि पूल संपला की अंगाला गारठा कमी झाल्याचं कळतं. रजपूतवाडीजवळ एक तांबडं कुत्रं आहे. ते माझ्या मागं बरोबर दोन विजेच्या खांबांएवढं पळतं आणि थांबतं. तिसऱ्या खांबापर्यंत कधीच आलं नाही. केर्लीचा चहावाला मी लांबून दिसलो की भांडं चढवतो.

आमच्या धंद्यात जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मशिनवरनं उतरवला की माप बरोबर आहे का बघायला त्याला गेज लावतात. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. हा रस्ता माझं गेज आहे. सर्दी येणार असेल तर घसा धरायच्या आधी मला तिसऱ्या किलोमीटरला कळतं. जागरण झालं, पार्टीचं पेमेंट अडकलं, घरात वाजलं, सगळं केर्लीपर्यंतच्या वेळेत दिसतं.

पण यंदाच्या पावसाळ्यापासनं काहीतरी बिनसलंय. परवा घरी आलो आणि येताना वडणगे फाटा ओलांडल्याचं आठवेना. सगळा वेळ डोक्यात जीएसटीचा रिटर्न. जुलैमध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, पेपरात फोटो आले, तेव्हा पोरीनं विचारलं, पप्पा, तीन दरवाजावर काय कोरलंय? मी तिथं दोन-अडीचशे वेळा गेलोय. तीन दरवाजा दोनदा बघितलाय, कारण चहाचा गाडा त्याच्या आधी येतो.

म्हणून काल सोमवारी ठरवलं, आज नवा रस्ता. पोहाळ्याची लेणी बघायची. जोतिबाच्या डोंगराला, घरापासनं वीस किलोमीटरच्या आत, आणि जन्म कोल्हापुरात काढून मी बघितलेली नाहीत. फोनच्या नकाशानं कुशिऱ्याच्या बाजूनं एक करड्या रंगाची रेघ दाखवली. ती रेघ म्हणजे पावसाचं पाणी उतरायची घळ निघाली. अर्धा तास सायकल खांद्यावर. वर गेल्यावर बघतो तर पलीकडून चांगला रस्ता आलेला. लेणी झकास आहेत. कातळात कोरलेला विहार, आत गारवा. पण घड्याळ बघत बघत दहा मिनिटांत उरकलं. घरी पोचलो पाऊण वाजता. साडूकडची मंडळी जेवायला येऊन बसलेली. बायको एवढंच म्हणाली, "लेणी बघायला गेलता की खोदायला?"

तर प्रश्न असा. वेळ मोजका असणाऱ्यानं ओळखीचा रस्ता आणि नवा रस्ता यांचं गणित कसं बसवायचं? रोज नवं शोधत बसलो तर गेज जातंय. रोज तेच करायचं असतं तर मी घरातच स्टँडवर लावून सायकल मारली असती. तुम्ही लोक काय करता?

---

पेन्शनर मास्तर · ३१ डिसेंबर, सकाळी ७.०५

तुमचं लिखाण वाचून सकाळीच हसलो. त्या घळीतून मीही एकदा उतरलोय, फक्त मी तेव्हा चाळीस वर्षांनी लहान होतो आणि सायकल तासावर आणलेली होती. उशीर झाला म्हणून दुकानदारानं दोन तासांचे पैसे जादा लावले. म्हणजे तुमच्या साडूचं जेवण स्वस्तात पडलं म्हणायचं.

मी एक साधी गोष्ट करतो, तिला घरात "फाटा" म्हणतात. रस्ता रोजचाच धरायचा. पण त्याच्यावर जेवढे फाटे फुटतात ते एका वहीत लिहून काढायचे. लिहायला बसलात की तुम्हाला नवल वाटेल. तुमच्याच शिवाजी पूल ते वाघबीळ रस्त्यावर आंबेवाडी-चिखली आहे, वडणगे आहे, केर्लीहून जोतिबाला जाणारा आहे, वाघबीळच्या अलीकडं कोतोलीचा आहे. मधले शिवारातले आणि गावांत शिरणारे धरले तर डझनभर सहज होतील. यातल्या किती फाट्यांवर तुम्ही हँडल वळवलंय? मला वाटतं एकाही नाही.

मग आठवड्यातून एक दिवस एक फाटा. जाताना ओळखीच्या रस्त्यानं जायचं, म्हणजे अंग तापतं आणि तुमचं ते गेज लागतं. मग वळायचं आणि पाच किलोमीटर आत जायचं, तेवढंच. पुढं कितीही मोह झाला तरी परतायचं. पुढचा पाच किलोमीटरचा तुकडा पुढच्या वेळी. असं करत करत मला चिखली, वरणगे, पाडळी, यवलूज हा पट्टा पाठ झाला. चिखलीच्या प्रयागाजवळ एकदा सूर्य उगवताना थांबा. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी असं सगळं पाणी तिथं एक होऊन पंचगंगा होतं. मुलांना मी वर्गात पंचवीस वर्षं हे शिकवलं आणि स्वतः ते पाणी नीट पाहिलं निवृत्तीनंतर, सायकलीवरून.

दुसरं. परत फिरायचं ते घड्याळ बघून, ठिकाण बघून नव्हे. अकराला घरी पोचायचं असेल तर सव्वानऊला जिथं असाल तिथून माघारी. समोर लेणी असोत की ताजमहाल.

आणि नकाशापेक्षा माणसाला विचारा. त्यातही पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला. तरुण पोराला विचारलंत तर तो खिशातून फोन काढतो आणि तुमचाच नकाशा तुम्हाला दाखवतो.

आता थोडं मास्तरकीचं बोलतो, चालेल ना? तुम्ही ज्याला एकच रस्ता म्हणता तो आपल्याकडं वर्षभर एक राहतच नाही. याचं कारण आपले बंधारे. पाटबंधाऱ्याची माणसं ज्याला केटी वेअर म्हणतात त्यातलं "के" म्हणजे कोल्हापूर, हे पुष्कळ कोल्हापूरकरांनाच ठाऊक नसतं. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढून पुराला वाट मोकळी करायची. पूर्वी बरगे लाकडी असत, आता लोखंडी दिसतात. खांबांच्या माथ्यावर अरुंद स्लॅब असतो, आणि तोच आजूबाजूच्या गावांचा पूल. कासारीवर यवलूज, पुनाळ-तिरपण, भोगावतीवर हळदी, राशिवडे, खडक कोगे, असे कितीतरी. दिवाळीनंतर यांच्यावरून सायकल जाते, त्यामुळं एका काठानं जायचं, बंधारा ओलांडायचा, दुसऱ्या काठानं यायचं, असे फेरे बसतात. जून-जुलैत तेच बंधारे पाण्याखाली. नकाशात रेघ तशीच असते, जागेवर नदी असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. ते आकडे पेपरात यायला लागले की मी नव्या रस्त्याचं नाव काढत नाही. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं पुराचं पाणी पात्राबाहेर पडलं, की तुमचा केर्ली रस्ताही बंदच.

म्हणून हिवाळ्यात फाटे, पावसाळ्यात रोजचा रस्ता. निसर्गानंच आपली वाटणी करून ठेवलीय. आत्ता डिसेंबर संपतोय. वहीत फाटे लिहा आणि निघा.

---

वाघबीळ बत्तीस मिनिट · ३१ डिसेंबर, दुपारी १.२०

मास्तर एक नंबर लिहिलंय. पण उद्यमनगरी भाऊ, माझं मत जरा उलटं हाय. रोजचा रस्ता सोडू नका.

मी दोनशेची ब्रेव्हे करायची म्हणून तयारी करतोय. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर. त्याच्यासाठी चढ एकच लागतो आणि तो पुन्हा पुन्हा लागतो. वाघबीळपासनं पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत मी कुठल्या वळणावर कुठला गिअर टाकतो ते झोपेत सांगीन. नव्या चढावर दम लागला तर चढ वाईट की मी वाईट, ते कळत नाही. हितं कळतं. माझं नाव बघून घ्या, ती माझी चांगली वेळ हाय. वाईट वेळ सांगत नाही.

पण एक कबूल करतो. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला, आठवतंय न्हवं? गाड्या बंद, आमचा चढ बंद. मी तर नुसता वेडापिसा. मग नाइलाजानं केर्लीतनं उजवीकडं वळून जोतिबाला जायला लागलो. पहिल्या आठवड्यात शिव्या घातल्या, चढ अंगावर येतो. महिनाभरात कळलं की वाघबीळला मी जिथं पळवाट काढून दम खातो तसली जागा जोतिबाला न्हाईच. सगळं उघडं पडलं. पन्हाळ्याचा रस्ता सुरू झाल्यावर परत गेलो तर दोन मिनिटं कमी. म्हणजे नवा रस्ता मी शोधला न्हाई, रस्त्यानंच मला हाकलला.

जोतिबाला जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, देवाचा वार. तुमची सोमवारची सुट्टी सोन्यासारखी हाय. आणि चैत्र पौर्णिमेच्या आसपास तर सायकल घेऊन फिरकूच नका. एकदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गेलतो. रस्ता गुलाबी. उतरताना चाकानं गुलाल उडून चेनवर बसला, चेनला तेल ताजं. तेल आणि गुलालाची अशी खीर झाली की दात दिसेनात. घरी येऊन रॉकेलमध्ये भिजवली, ब्रशनं घासली, तरी आठवडाभर गिअर बदलला की बोटाला गुलाल. आई म्हणाली, धू नको, प्रसाद हाय.

आणि हंगाम सुरू हाय, उसाचे ट्रॅक्टर सांभाळा. दोन दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी वाढं, मागं लाल दिवा न्हाई आणि ड्रायव्हरच्या कानाशी डीजे. घंटी वाजवून उपयोग न्हाई. त्याला आधी पुढं जाऊ द्या, मगच वळा. नवीन अरुंद रस्त्याला हे जास्तच.

---

सागरमाळ · १ जानेवारी, रात्री १०.१५

वरच्या तिघांचंही वाचलं. मजा आली. पण एक बाजू राहिली ती लिहिते.

मी विद्यापीठाच्या बाजूला राहते. दोन मुलं, शाळेची बस पावणेआठला. माझा रोजचा रस्ता सरनोबतवाडी, उजळाईवाडी आणि परत. सरळ, रुंद, उजेडाचा आणि अगदी नीरस. मला तो नीरस आहे म्हणूनच आवडतो. मास्तर, तुम्ही म्हणता तसं उसातल्या रस्त्यावर पहाटे सहाला एकटीनं पाच किलोमीटर आत जायचं माझ्यानं होत नाही. काही वाईट घडलं म्हणून नव्हे. पण एकदा कात्यायनीच्या पुढं अशीच एका आतल्या रस्त्याला लागले. दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस, मागून एक मोटरसायकल आली आणि माझ्या वेगानं चालायला लागली. ना पुढं जाईना, ना मागं राहीना. अर्धा किलोमीटर. मग निघून गेली. कदाचित त्याचा फोन चालू असेल, कदाचित गाडीत बिघाड असेल. मला ते विचारायचं नव्हतं. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये मी रस्ता, ऊस, पक्षी काहीही पाहिलं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत वेगळी आहे. नवा रस्ता आधी स्कूटीवरून बघायचा. रविवारी दुपारी मुलांना घेऊन, भेळ खायच्या निमित्तानं. चहाचं दुकान कुठं, डेअरी कुठं, सकाळी दूध घालायला बायका कुठं जमतात, कुत्री किती, फोनला रेंज कुठं जाते, एवढं मनात टिपून ठेवायचं. गावच्या डेअरीसमोर सकाळी साडेसहाला दहा-पंधरा माणसं हमखास असतात, त्यातल्या निम्म्या बायका. ज्या रस्त्यावर दर दोन-तीन किलोमीटरला डेअरी आहे तो रस्ता माझा. असे मी तीन रस्ते जोडलेत. त्यातला नंदवाळचा सगळ्यात लाडका. पुईखडीचा चढ, मग वाशी, मग नंदवाळ. आषाढी एकादशीला कोल्हापुरातनं दिंडी जाते तोच रस्ता. पुईखडीला रिंगण होतं ते माळावर. एरवी तिथं वाऱ्याशिवाय कुणी नसतं, पण रस्ता वाहता आहे, म्हणून भीती वाटत नाही.

स्कूटीवर पाहिलेला रस्ता मग सायकलीवर नवा राहतो का? राहतो. स्कूटीवर चढ कळत नाहीत आणि वास येत नाहीत.

उद्यमनगरी दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच सांगते की बायकोलाही एखाद्या सोमवारी गाडीवरून पुढं पाठवा. तुम्ही सायकलीवरून या. साडूला नंतर बोलवा.

---

ट्यूबलेस · २ जानेवारी, सकाळी ८.३०

नवा रस्ता असो की जुना, जादा ट्यूब, पंप आणि सुटे दोनशे रुपये. बांधावर बाभळ आहे तोवर बाकीची चर्चा फुकट.

---

उद्यमनगरी · २ जानेवारी, रात्री ११.००

सगळ्यांचे आभार. मास्तर, वही केली. पूल ते वाघबीळ चौदा फाटे निघाले, आणि खरंच एकाही फाट्यावर वळलेलो नाही. लाज वाटली. ताई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली या बाईंचा नंबर आण. बत्तीस मिनिट, वाईट वेळ सांगा की राव, लाजताय कशाला.

१२ तारखेच्या सोमवारी कोतोली फाटा. पाच किलोमीटरचा नियम पहिल्याच दिवशी मोडणार आहे, मास्तरांनी रागावू नये. बंधाऱ्यावरून पलीकडं जाऊन कळ्यातनं गगनबावडा रस्त्यानं घरी यायचं डोक्यात आहे.

---

उद्यमनगरी · १२ जानेवारी, रात्री ९.१०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण शेडमध्ये कुणाला सांगायला लागलो तर पोरं मशिन चालू करतात.

साडेपाचला निघालो. केर्लीपर्यंत नेहमीसारखं. वेळ नेहमीपेक्षा एक मिनिट जास्त, म्हणजे तब्येत ठीक, जेवण जास्त झालेलं. रत्नागिरी रस्त्याच्या कामाची धूळ होती, पण पहाटेच्या दवानं बसलेली. चहावाल्यानं भांडं चढवलं, मी म्हणालो आज थांबत नाही. तो बघतच राहिला.

कोतोली फाट्यावर डावीकडं वळलो. पाच वर्षं त्या फाट्याच्या पाटीखालनं गेलोय आणि पाटी वाचलेली नव्हती. वळल्यावर पहिली गोष्ट काय जाणवली सांगू? आवाज गेला. महामार्गावर सतत कानात काहीतरी असतं, ते वळल्यावर कुणीतरी बटण दाबल्यागत बंद झालं आणि माझ्याच चेनचा आवाज ऐकू आला. मधल्या एका दातावर कचकन करत होती. केर्ली रस्त्याला हे किती महिने चालू असेल कुणास ठाऊक. मशिनचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखणारा मी, स्वतःच्या सायकलीचा आवाज मला फाट्यावर वळल्यावर ऐकू आला.

कोतोलीत पारावर एक आजोबा घोंगडं घेऊन बसलेले. मास्तरांचं ऐकून त्यांनाच विचारलं, पुनाळ-तिरपणचा बंधारा कुठनं? ते म्हणाले, "कुणाचा तू?" दहा मिनिटं वंशावळ झाली. शेवटी त्यांच्या भावकीतला एकजण आमच्याकडं उद्यमनगरात फिटर होता असं निघालं, मग रस्ता सांगितला. फोनच्या नकाशापेक्षा वेळ जास्त लागला हे नोंदवून ठेवतो. पण चुकलो नाही.

बंधारा बघून मी सायकलवरनं उतरलो. खांबांच्या खाचांत बरगे बसवलेत, आणि दोन बरग्यांच्या फटीत माती भरून गच्च केलीय, तरी बारीक पाणी पाझरतंय. एका अंगाला काठोकाठ हिरवं पाणी, दुसऱ्या अंगाला खडक उघडे, त्यावर बगळे. फटीची ती जोडणी बघत मी नक्की किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. आमच्याकडं दोन भागांत केसाएवढं अंतर राहिलं तरी जॉब परत येतो. इथं बोटभर फट, मूठभर माती, आणि नदी थांबलीय.

पलीकडं गेल्यावर धूर दिसला. गुऱ्हाळ. लहानपणी मामाकडं बघितलेलं, त्यानंतर आजच. चुलवणात चिपाडं टाकणारा पोरगा सोळा-सतराचा असेल, भुवया करपलेल्या. काहिलीत रस उकळत होता, त्यात भेंडीचा चिकट रस टाकून वरची मळी काढून झालेली. गुळव्या म्हणजे साठीचा माणूस, डोक्याला मफलर. फेस पिवळा होऊन जडावला तसा त्यानं उलथन्यावरनं थोडा पाक पाण्याच्या वाटीत सोडला, दोन बोटांत गोळी केली, एकदा दाबली, आणि मान हलवली. अजून नाही. परत दोन मिनिटांनी तेच. मग एकदम हात वर केला आणि सगळे धावले. काहील उतरली, पाक वाफ्यात. मी विचारलं, कळतं कसं? तो म्हणाला, "बोटाला इचारा." चाळीस हंगाम झाले म्हणे, याच कामावर. गूळ कच्चा उतरला तर रवा बसत नाही, जादा झाला तर काळा पडतो. मधली जागा दोन बोटांत. माझ्या शेडमधलं गेज अठराशे रुपयाचं आहे आणि दरवर्षी तपासून आणावं लागतं.

काकवी दिली, पैसे घेतले नाहीत. पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून तीत भरून घेतली, ही माझी चूक. पुढं तहान लागल्यावर प्यायला काकवीच.

कळ्याच्या अलीकडं ट्यूबलेस भाऊंची आठवण काढायची वेळ आली. मागचं चाक, बाभळीचा काटा, चांगला इंचभर. जादा ट्यूब होती. हात काकवीनं चिकट, टायर सोडवताना सगळं अंगाला. मुंग्यांनी वास काढायच्या आत उरकलं. तिथनं गगनबावडा रस्ता, बालिंगा, फुलेवाडी, रंकाळा. उसाच्या ट्रॉल्या चार भेटल्या. चारही पुढनं जाऊ दिल्या.

घरी अकरा वाजून वीस मिनिटं. मीटरवर एकसष्ट किलोमीटर. वीस मिनिटांचा दंड म्हणून बाटली पुढं केली. बायकोनं झाकण उघडून वास घेतला, आत गेली, आणि आतनं विचारलं, "गुऱ्हाळ किती वाजेपर्यंत असतंय?" पुढच्या सोमवारी ती आणि पोरगी गाडीवरनं येणार आहेत.

उद्या मंगळवार, उद्या केर्ली. त्या दाताची चकती आत्ताच बदलून बसलोय.

---

सागरमाळ · १२ जानेवारी, रात्री ९.५०

वाचताना तोंडाला पाणी सुटलं. पण मुद्द्याचं सांगा दादा. कोतोली ते बंधारा डेअरी किती? आणि रेंज?

---

उद्यमनगरी · १२ जानेवारी, रात्री १०.०५

ताई, डेअरी मोजायच्या राहून गेल्या. सातच्या सुमारास कोतोलीत एकीपुढं किटल्या घेऊन बायका उभ्या होत्या, ती नक्की. पुढं बंधाऱ्यापर्यंत माणसं शेतात दिसतात, पण मधला दीडेक किलोमीटर दोन्हीकडं उभा ऊस आहे आणि तिथं माझी रेंज गेली होती. तो तुकडा एकटीनं नको. फेब्रुवारीत तोड होऊन रान मोकळं होईल, तेव्हा जा. पुढच्या सोमवारी गाडीवर बायको मागं बसणार आहे, तिच्याकडनं डेअऱ्या मोजून घेतो आणि इथं टाकतो.

---

पेन्शनर मास्तर · १३ जानेवारी, सकाळी ६.५०

नियम पहिल्याच दिवशी मोडल्याबद्दल अंगठे धरून उभे राहा. बाकी, ती बाटली नीट धुतली का? काकवी राहिली असेल तर उद्या पाणी आंबेल.